मेलेला गडी उठतो कसा?

मोहटोल्यातले हुतूतूचे सामने नत्थू कापगतेच्या जन्माआधीपासून चालत आले होते. धान चुरून, मळून घरात आलं, तणसीचे ढीग लागले, की पौषात गावाच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, राखेने रेघा मारायच्या आणि चार गावच्या लोकांनी बंड्या जुंपून खेळ पाहायला यायचं. सानगडीचे यायचे, पार अड्याळकडचेही यायचे. बाया तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. बसायच्या जागाही ठरलेल्या. नत्थू आणि त्याचा साळभाऊ जागेश्वर यांची जागा बाभळीखाली. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं पाठीला पाठ लागलेली, आणि दोघांनीही जवानीत हा खेळ खेळलेला. गुडघ्यांनी साथ सोडली तसे दोघं पाळीवर येऊन बसले. पण नत्थूचं तोंड काही थांबलं नाही. गड्याने पाय चुकीचा टाकला की मैदानात गड्याला कळायच्या आत पाळीवर नत्थूला कळायचं.

खेळ सरळ होता. समोरच्या अंगणात सूर धरून जायचं, शिवून परत यायचं. शिवला तो मेला. मेला तो रेघेबाहेर, डाव संपेपर्यंत. घड्याळ नव्हतं, शिट्टी नव्हती. एका बाजूचे सगळे मरेपर्यंत डाव चालायचा. कधी झटक्यात, कधी दिवस कलेपर्यंत. आणि सूर ज्याचा त्याचा. कोणी नुसतं हुतूतू म्हणायचा, कोणी देवाचं नाव घ्यायचा, कोणी समोरच्याच्या बायकोचं घेऊन मार खायचा. नत्थूचा सूर गाजलेला होता:

"चुरला धान, भरली कोठी, ये गा समोर, धर माहा कान, कान कान कान कान..."

त्या 'कान'वर तो जो दम धरायचा, तो परत रेघ ओलांडेपर्यंत तुटायचा नाही.

आणीबाणी उठली त्या साली हिवाळ्यात मारुतीच्या देवळासमोर सामन्यांची बैठक बसली. शाळेतले ईश्वर मास्तर नुकतेच खेळाचं शिक्षण घेऊन आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "यंदापासून सामने नव्या नियमानं होतील. नाव कबड्डी. एका बाजूला सात गडी, दोन डाव, मधात सुट्टी. सूर एकच, 'कबड्डी'. आणि आपल्या गड्यानं समोरचा एक मारला, का आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत येईल."

नत्थू तंबाखू मळत होता. त्याचा हात थांबला.

"का म्हणता मास्तर? मेलेला गडी का होईल?"

"जिवंत होईल."

"कसा होईल?"

"नियमानं होईल, नत्थूभाऊ."

"अजी, मेला तो मेला! मंग मारून फायदा का? इकडे मारा आन् तिकडे उठवा. हा खेळ झाला का पोरखेळ झाला?"

लोक हसले. नत्थूला वाटलं, आपल्या बाजूने हसले. तो उठून उभाच राहिला. "आन् सूर एकच कायले पाहिजे? उद्या म्हणसान का सगळ्यायनं एकाच आवाजात खोकाचं. कोणाले विचारून ठरवलं हे? पाळीवर बसते त्या लोकाइले विचारलं का?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "पंचमंडळानं ठरवलं."

"पंचमंडळात कोण कोण?"

मास्तरांनी नावं घेतली. शेवटचं नाव जागेश्वरचं होतं.

नत्थूने मान वळवून शेजारी पाहिलं. जागेश्वर जमिनीकडे पाहत होता. एकत्र धान रोवलेला, एका ताटात जेवलेला माणूस. आदल्या दिवशी संध्याकाळी चहाला येऊन बसला होता आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"तुले मालूम होतं?" नत्थूने विचारलं.

"तू असा करशीन म्हणूनच नाई सांगतलं," जागेश्वर म्हणाला.

त्या दिवसापासून पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांमधलं माणसांचं बोलणं बंद झालं. म्हणजे पुरुषांचं. नत्थूची रुखमिणी आणि जागेश्वरची सुलोचना या बहिणींनी मागच्या दाराने भाजी देणं-घेणं चालूच ठेवलं. "तुमच्या रेघा तुमच्यापाशी ठेवा," रुखमिणीने नवऱ्याला सुनावलं, "माही बहीण माहीच आहे."

पण गावात तेवढ्यावर भागलं नाही. पीठगिरणीवर, पानठेल्यावर, नाल्यावर कपडे धुताना, जिथे दोन माणसं जमतील तिथे जुना खेळ का नवा हाच वाद. गोमाजीने आपल्या पोराला त्यावरून घरातून हाकललं आणि जेवायच्या वेळी परत बोलावलं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली देवकाबाई विहिरीवर भर बायांत म्हणाली, "मेलेला गडी उठते म्हणते मास्तर. मंग माहा बुढा काऊन नाई उठला वो? कोणाले मारू म्हणजे तो उठन?" ही गोष्ट नत्थूने ऐकली आणि गावभर सांगितली. म्हातारे बहुतेक सगळे त्याच्या बाजूने होते. बायाही पुष्कळ होत्या. नत्थूने मनातल्या मनात हिशेब घातला, तर अख्खी पाळ आपली होती.

एका सकाळी जागेश्वरचा पोरगा तुलाराम त्याला बोडीवर भेटला. मोहटोल्याचा सगळ्यात तेज चढाईचा गडी, अंगाने वेताच्या काठीसारखा. नत्थूला मूलबाळ नव्हतं. या पोराला दम धरायला त्यानेच शिकवलं होतं, याच बोडीत, डोकं पाण्याखाली दाबून. सूरही आपलाच दिला होता.

"का गा तुलाराम, तू तरी जुन्याच खेळात येशीन ना? मी आपल्या धानाच्या बांधीत सामने ठेवून राहिलो. त्याच दिवशी."

तुलारामने बैलांना पाणी पाजता पाजता मान हलवली. "नाई मावसा."

"काहून? बाप बोलला?"

"बाप नाई बोलला. मीच सांगतलं बापाले, का नवा नियम आणा म्हणून."

नत्थूला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्याची कानशिलं तापली. "तू? माहा सूर घेऊन खेळणारा तू?"

"तुमच्या सुरानंच झालं ना सारं!" पोरगाही भडकला. "मागच्या साली आमी भंडाऱ्याले गेलो होतो खेळाले. मी चढाईले गेलो, 'चुरला धान' म्हणलं, अन् पंचानं शिट्टी मारली. बाद! म्हणे सूर चुकला. मले समजेच ना का चुकलं. सारे लोक हसून राहिले होते, मावसा. 'धान चुराले आला काय बे' म्हणे. पुन्हा गेलो, तोंडातून तेच निघालं. पुन्हा बाद. त्याईचे मेलेले गडी उठत आन् आमचे बसत. आमाले नियमच मालूम नाई. जेवण न करता बसनं परत आलो आमी सारे."

"मले नाई सांगतलं तू."

"कसा सांगू तुमाले?"

नत्थू उसळला. "मंग भंडाऱ्याच्या लोकाइचं ऐकून गावचा खेळ बदलवाचा? ते हसले तं त्याईचं तोंड फोडाचं होतं. आपला खेळ कायले मोडाचा? इतकी वर्षं जे लोक पाळीवर बसते, त्याईचा काही हक नाई?"

"मावसा," तुलाराम म्हणाला, "पाळीवर बसणाऱ्याचे हातपाय नाई मोडत. खेळतो कोण? आमी खेळतो."

तो बैल घेऊन निघून गेला. नत्थू तिथेच उभा राहिला. ज्या पोराला पोटच्यासारखा वाढवला, त्याने आपल्याला नुसता पाहणारा म्हटलं. ते शब्द त्याच्या जिवाला लागले. घरी येऊन त्याने रुखमिणीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगा उपाशी आला भंडाऱ्याहून?" नत्थू त्यावर आणखीच चिडला, कारण मुद्दा तो नव्हता.

मग त्याने ईर्ष्येने काम काढलं. तलावाखालच्या बांधीतली धानाची खुंटं उपटली, ढेकळं फोडली, शेण-मातीने सारवून अंगण केलं. गोमाजी आणि त्याच्याच वयाचा कवडू मदतीला आले. तो स्वतः सानगडीला बाजाराच्या दिवशी गेला, गड्यांना भेटला, पुढे अड्याळलाही जाऊन आला. गडी म्हणाले, पाहू. नत्थूने त्या 'पाहू'चा अर्थ 'येऊ' असा लावला.

सामन्यांचा दिवस उजाडला. ईश्वर मास्तरांचे सामने शाळेच्या पटांगणात, नत्थूचे त्याच्या बांधीत. सूर्य वर येतो न येतो तोच बंड्या दिसू लागल्या आणि सगळ्या बांधीकडे वळल्या. पाळ भरली. बाया भाकरी बांधून आल्या. फुटाणेवाला आला, गुलगुलेवाली आली. देवकाबाई पुढच्या रांगेत येऊन बसली. नत्थू धोतर खोचून इकडून तिकडे फिरत होता, त्याची छाती फुलून आली होती. शाळेच्या पटांगणात म्हणे पाहायला शाळेची पोरं सोडली तर कुत्रंही नव्हतं.

ऊन तापलं. लोक म्हणाले, चालू करा.

गडी आले नव्हते. ना सानगडीचे, ना अड्याळचे. कवडू सायकल घेऊन पाहून आला. सगळे गडी शाळेच्या पटांगणात होते. कंबर कसून उभे होते, मास्तरांच्या शिट्टीवर पळत होते. पाहणारे सगळे नत्थूकडे आणि खेळणारे सगळे तिकडे!

"एकही नाई?" नत्थूने विचारलं.

"एकही नाई."

पाळीवर कुजबुज झाली. कोणीतरी शिट्टी मारली. नत्थूचा चेहरा लाल झाला. त्याने अंगातली बंडी काढून फेकली. "नाई आले तं नाई आले! आपण का मेलो आहो? गोमाजी, ऊठ. कवडू, ऊठ. ज्यानं ज्यानं हा खेळ खेळला, त्यानं खाली उतरा!"

आणि खरोखरच उतरले. पांढऱ्या मिशांचे, पोट सुटलेले, कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाची नजर गेलेली. दोन बाजू झाल्या. पहिल्याच चढाईला गोमाजीचं धोतर सुटलं. पाळीवर हशा झाला. दुसऱ्याचा दम तीन पावलांत गेला. पुन्हा हशा. नत्थूने आधी लक्ष दिलं नाही. त्याची बाजू एकेक करून मरत गेली, रेघेबाहेर बसत गेली, आणि शेवटी आत तो एकटा उरला. समोर पाच जण उभे.

याचीच तर तो इतके दिवस बाजू घेत होता. एकटा गडी. मागे कोणी नाही, कोणी उठून येणार नाही, सगळ्या गावाचा जीव एकाच्या दमात. अशा वेळी पाळीवर पाखरूसुद्धा बोलायचं नाही. नत्थूने रेघेची माती कपाळाला लावली, श्वास भरला आणि निघाला.

"चुरला धान, भरली कोठी, ये गा समोर..."

पाय जुने होते, पण वाट ओळखीची होती. त्याने डावीकडची हूल दिली, उजवीकडे झेप घेतली, कवडूच्या भावाच्या खांद्याला बोट लागलं. मेला! आता मागे फिरायचं. "कान कान कान का..."

आणि दम तुटला. कोणी धरलं नव्हतं, कोणी शिवलं नव्हतं. छातीतली हवाच संपली. रेघ समोर होती, आणि तो अंगणाच्या मधोमध गुडघ्यावर बसून माशासारखं तोंड उघडत होता.

पाळीवर एकच हास्याचा कल्लोळ उठला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोरं टाळ्या पिटत होती. "नत्थूभाऊ, अजून एकदा! अजून एकदा करून दाखवा!" फुटाणेवाला पोट धरून हसत होता. त्या हसण्यात वाकडेपणा काही नव्हता, लोकांना मजा आली होती. जत्रेत अस्वलाचा खेळ पाहून यावी तशी.

नत्थू उभा राहिला. त्याने पाळीकडे पाहिलं. इतके दिवस ज्यांच्या नावाने तो भांडला, ती ही माणसं.

"हसाले आले का बे तुमी?" तो ओरडला. "हा तमाशा आहे का? मी दीड महिना घसा फोडून राहिलो तुमच्यासाठी! खेळ पाहाले आले का बुढ्याइची फजिती पाहाले आले?"

देवकाबाई तेवढी म्हणाली, "अरे, आमी का वाईट म्हणून राहिलो? लय दिवसानं हसलो बाप्पा."

नत्थूने बंडी उचलली, खांद्यावर टाकली आणि बांधावरून निघून गेला. रुखमिणीने हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही. घरी जायचं म्हणून निघाला होता. पण घराची वाट शाळेवरून होती, आणि शाळेच्या पटांगणात आवाज चालू होता.

तो कुंपणापाशी थांबला. एक घटका पाहू, मास्तरला तोंडावर चार शब्द सुनावू आणि जाऊ, असं त्याने ठरवलं. आत मोहटोला आणि अड्याळ यांचा शेवटचा सामना रंगात आला होता. अंगण लहान, गडी सात, आणि सगळं भरभर. अड्याळच्या एका गड्याने तुलारामला शिवलं. पोरगा बाहेर जाऊन बसला. नत्थू मनात म्हणाला, बस आता. पण मोहटोल्याच्या गड्यांनी पुढची चढाई घट्ट धरली, शिट्टी वाजली, आणि तुलाराम उठून वाघासारखा आत शिरला. नत्थूला ते मुळीच पटलं नाही. पण पोराचे पाय मात्र तो पाहत राहिला. पावलं अगदी बरोबर पडत होती.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." तुलाराम चढाईला गेला. शब्द मास्तरांचा होता, पण दम कुठे शिकलेला हे नत्थूला डोळे मिटूनही कळलं असतं. अड्याळच्या तिघांनी त्याला कंबरेत, मांडीत, घोट्यात धरला. तिघांना ओढत तो रेघेकडे सरकला, आडवा पडला, हात लांब केला. तोंडातून 'कबड्डी' चालूच होतं. बोटांची दोन पेरं रेघेच्या पलीकडे गेली. नत्थूने स्वच्छ पाहिली.

रेघेवर पंच म्हणून जागेश्वर उभा होता. त्याने हात वर केला. "नाई पोचला. बाद."

"का म्हणला?" नत्थू कुंपणावरून आत उडी मारून आला. गुडघा कळवळला, पण त्याला भान नव्हतं. "नाई पोचला? डोळे कुठं ठेवून राहिला तू? दोन बोटं पलीकडे होती!"

ईश्वर मास्तर धावत आले. "नत्थूभाऊ, बाहेर व्हा. सामना चालू आहे."

"बाहेर कायले होऊ? तुमचाच नियम सांगून राहिलो तुमाले! पोरानं रेघ शिवली, दम होता. म्हणजे धरणारे तिघं मेले. आन् तिघं मेले तं आमचे तीन गडी उठते. उठवा त्याईले! बसले कायले ते? उठा बे!"

बाहेर बसलेले मोहटोल्याचे तीन गडी एकमेकांकडे पाहत अर्धवट उठले, मास्तरांकडे पाहून परत बसले. अड्याळचे गडी ओरडू लागले, पंचाचा शब्द शेवटचा. मास्तर म्हणाले, तक्रार करायची तर कप्तानाने करावी, बाहेरच्या माणसाने नाही.

"मी बाहेरचा?" नत्थूचा आवाज चिरकला.

तुलाराम अंगावरची माती झाडत जवळ आला. कोपर सोललं होतं. "मावसा, राहू द्या," तो हळू म्हणाला.

"बोटं गेली होती का नाई? खरं सांग."

पोराने बापाकडे पाहिलं, मग नत्थूकडे. "गेली होती."

सामना मोहटोला हरला. अगदी थोडक्यात हरला.

त्या संध्याकाळी नत्थू मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने जागेश्वरच्या घरी गेला. कित्येक दिवसांनी आलेल्या भाऊजींपुढे सुलोचनाने पाण्याचा लोटा ठेवला. जागेश्वर खाटेवर बसला होता.

"बोल," नत्थू म्हणाला. "दिसली होती का नाई बोटं?"

"धूळ होती."

"धूळ नव्हती. आज वाराच नव्हता."

जागेश्वर खाटेच्या कडेला सरकला. मग म्हणाला, "पोरगा माहा होता ना गा. मी हात वर केला नसता तं अड्याळचे म्हणले असते, बापानं पोराले देलं. नव्या नियमाचा पहिलाच साल. बोभाटा झाला असता."

"म्हणजे दिसली होती!"

"दिसली होती."

नत्थू एक पाऊल पुढे आला. "लोक का म्हणतीन म्हणून सख्ख्या पोराचा डाव मारला? अरे, नियम आणला तं नियमानं तरी चाल! जुना खेळ मोडला, ते मोडला. आता नवा बी खोटा खेळतस? मले तुही लाज वाटते, जागेश्वर."

"मले बी वाटते," जागेश्वर म्हणाला.

तुलाराम आतल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आईला चूल पेटवायला लाकडं आणून देऊन तो परसात निघून गेला. बाप-लेकाचं ते आपसात कसं मिटलं, हे नत्थूला कधी कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

पुढच्या साली बैठक बसली तेव्हा नत्थू न बोलावता पुढे जाऊन बसला. त्याच्या बांधीत तोवर लाखोरीचं पीक उगवलं होतं आणि तिथे पुन्हा सामने ठेवा असं गोमाजीनेही म्हटलं नाही. नत्थूने दोन ठराव मांडले. पहिला असा, की ज्या गावचा संघ खेळतो त्या गावचा माणूस रेघेवर पंच नको. दुसऱ्या गावचा आणावा. मास्तरांनी तो लगेच मान्य केला. जागेश्वरने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

दुसरा ठराव सुराचा. भंडाऱ्याला जाल तेव्हा म्हणा कबड्डी, पण गावच्या आखरावर तरी ज्याला जो सूर धरायचा तो धरू द्या. यावर मोठी खडाजंगी झाली. पोरं म्हणाली, दोन सवयी लागल्या तर तिकडे पुन्हा तोंडातून भलतंच निघेल. हात मोजले. म्हाताऱ्यांचे वर झाले, पोरांचे नाही झाले. नत्थूने तुलारामकडे पाहिलं. तुलारामचा हात मांडीवर होता आणि तो तिथेच राहिला.

ठराव पडला. कोणीतरी चहाचे कप फिरवायला लागलं. जागेश्वरने एक कप नत्थूसमोर धरला.

"तुमीच सारे प्या," नत्थू म्हणाला, आणि चपला पायात सरकवून देवळाच्या पायऱ्या उतरून गेला.